पगारातून पीएफ कापला, पण खात्यात आलाच नाही? मालक पेन्शन भरत नसेल तर काय करायचं

नौपाडा (ठाणे) : सकाळची कसारा लोकल ठाण्याला थांबली की आसनगाव, वाशिंद, खडवली, टिटवाळ्याची माणसं भराभर उतरतात. मुरबाडकर एसटीने कल्याणला येऊन पुढं लोकल पकडतात. यातली बरीचशी गर्दी नौपाड्यात पांगते. कुणी गोखले रोडच्या कापड दुकानात, कुणी राम मारुती रोडच्या हॉटेलात, कुणी दवाखान्यात हाऊसकीपिंगला, तर कुणी सोसायटीच्या गेटवर वॉचमन. गावाकडे शेती पावसाच्या भरवशावर आणि इथला पगार मालकाच्या. म्हातारपणाची सोय म्हणून या नोकरीतून एकच गोष्ट मिळण्यासारखी असते, ती म्हणजे पीएफ आणि त्यातली पेन्शन. तीच भरली जात नाही, असं कळतं तेव्हा बहुतेकांची नोकरीची आठ-दहा वर्षं निघून गेलेली असतात.

पाटाला पाणी सोडलं म्हणजे वाफ्यात पोचलंच असं नसतं, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. पीएफचं तसंच आहे. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण ती रक्कम भविष्य निधी कार्यालयात म्हणजे ईपीएफओकडे पोचली का, हे वेगळं बघावं लागतं.

पेन्शन नेमकी येते कुठून

पीएफ आणि पेन्शन ही दोन वेगळी खाती आहेत. तुमच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के रक्कम तुमच्याकडून कापली जाते. तेवढेच १२ टक्के मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे असतात. मालकाच्या १२ पैकी ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले ३.६७ टक्के तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे तुमच्या पगारातला एक रुपयासुद्धा पेन्शनला जात नाही, ती पूर्ण मालकाच्या हिश्श्यातून बनते. वर केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. त्यामुळे मालकाने पैसे भरले नाहीत तर पेन्शनचा पायाच राहत नाही.

समजा मूळ पगार १२,००० रुपये आहे. तुमचे १,४४० कापले गेले, मालकाने १,४४० घातले. त्यातले साधारण १,००० रुपये पेन्शनला आणि ४४० पीएफला. पेन्शनसाठी पगाराची मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये आहे, म्हणून पेन्शन खात्यात महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात.

ही कर्मचारी पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू आहे. पेन्शन वयाच्या ५८ व्या वर्षी लागू होते आणि त्यासाठी किमान १० वर्षांची नोकरी लागते. हिशोब सोपा आहे : पेन्शनला धरलेला सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार १५,००० आणि नोकरी १८ वर्षं असेल तर महिन्याला सुमारे ३,८५७ रुपये. मधली ५ वर्षं मालकाने भरलीच नाहीत आणि १३ च वर्षं धरली गेली, तर २,७८५. महिन्याला हजाराच्या वर फटका, आणि तोही मरेपर्यंत. ज्याची भरलेली नोकरी ८-९ वर्षांवरच अडकते, त्याला तर महिन्याची पेन्शनच मिळत नाही, थोडी एकरकमी रक्कम हातात पडते.

याहून वाईट गोष्ट घरच्यांची आहे. कामगार नोकरीत असताना वारला आणि पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी जरी भरलेली असली तरी बायकोला विधवा पेन्शन आणि मुलांना पेन्शन मिळते. त्याच्याबरोबर ठेवीशी जोडलेला विमा असतो, त्यात वारसाला ७ लाख रुपयांपर्यंत मिळू शकतात. हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. मालकाने नावच घातलेलं नसेल तर घरच्यांना यातलं काही मिळवायला वर्षानुवर्षं भांडावं लागतं.

कुणाला लागू, कुणाला नाही

२० किंवा जास्त माणसं कामावर असतील तर पीएफ बंधनकारक. इथं दुकानदार एक नेहमीचं वाक्य ऐकवतात : "आमच्याकडे सात-आठच माणसं आहेत." ते खरंही असेल. पण त्याच मालकाच्या त्याच धंद्याच्या शाखा नौपाड्यात, डोंबिवलीत आणि कल्याणला असतील, तर कायद्याने सगळ्या शाखांची माणसं एकत्र मोजतात. ठेकेदाराकडची माणसंही मोजणीत येतात. आणि एकदा पीएफ लागू झाला की पुढं माणसं २० च्या खाली आली तरी तो सुटत नाही.

वॉचमनचंही असंच. गेटवर दोघेच असतात, पण एजन्सीचे ठिकठिकाणी मिळून शंभर असतील, तर एजन्सीला पीएफ लागू आहे. जे रक्षक बृहन्मुंबई व ठाणे जिल्हा सुरक्षा रक्षक मंडळात नोंदलेले आहेत त्यांचा पीएफ मंडळामार्फत चालतो, त्यांनी आधी मंडळात विचारावं. माथाडी कामगारांचंही त्यांच्या मंडळामार्फत असतं.

ठेकेदारीत कायदा कामगाराच्या बाजूने आहे, पण फार थोड्यांना ते ठाऊक असतं. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मूळ मालकावर, म्हणजे ज्याच्या जागेत काम चालतं त्या कंपनी, हॉस्पिटल वा संस्थेवर जबाबदारी येते. त्यांनी भरायचं आणि ठेकेदाराकडून वसूल करायचं. ८ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेने महापालिका आणि नगरपालिकांनाही पीएफ कायदा लागू झालेला आहे. त्यामुळे पालिकेच्या ठेक्यावर झाडू, घंटागाडी, पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्यांनी "ठेकेदार पळाला" एवढ्यावर गप्प बसायचं कारण नाही.

"पीएफ नको, हातात जास्त देतो" हा सौदा अनेक जण आनंदाने करतात. मूळ पगार १५,००० पर्यंत असेल तर असा सौदा कायद्यात बसत नाही, तुम्ही सही करून दिली असली तरी. मालकाचा हिस्सा तुमच्याच पगारातून कापणंही चालत नाही. काही ठिकाणी २४ टक्के कामगाराकडूनच काढतात, ते सरळ बेकायदा आहे. मूळ पगार मुद्दाम कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यात टाकायची युक्तीही जुनी आहे. २८ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी पगारातच धरायचे.

आधी मोबाईलवर तपासा

तक्रारीच्या आधी खात्री करा. तुमचा यूएएन हा १२ आकडी नंबर असतो, पगाराच्या चिठ्ठीवर बघा. खात्याला जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला की शेवटची भरलेली रक्कम आणि शिल्लक मेसेजने येते. किंवा ७७३८२९९८९९ वर मेसेज पाठवायचा : इंग्रजी मोठ्या अक्षरांत ईपीएफओएचओ, मग जागा सोडून यूएएन, परत जागा सोडून एमएआर. शेवटच्या तीन अक्षरांमुळे उत्तर मराठीत येतं.

पण खरं चित्र पासबुकात दिसतं. उमंग ॲपमध्ये ईपीएफओ निवडून पासबुक उघडा. प्रत्येक महिन्यासमोर तीन रकमा असतात : तुमचा हिस्सा, मालकाचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. महिना-महिना बोट ठेवून बघा. मालकाने मागच्या महिन्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, आणि पासबुकात उतरायला थोडे दिवस जातात. तेव्हा मागचा एखादा महिना दिसत नसेल तर लगेच घाबरू नये. दोन-तीन महिने कोरे असतील तर मात्र गडबड आहे. पीएफ भरलेला पण पेन्शनचा रकाना शून्य, असंही घडतं. २०१४ च्या सप्टेंबरनंतर १५,००० पेक्षा जास्त पगारावर पहिल्यांदाच नोकरीला लागलेल्यांना पेन्शन योजना नसते, त्यांचा रकाना शून्य असणं बरोबर आहे. बाकीच्यांनी विचारणा करावी.

ज्यांना यूएएनच मिळालेला नाही, त्यांनी ईपीएफओच्या वेबसाईटवर आस्थापना शोधायची सोय आहे ती वापरावी. कंपनीचं नाव टाकलं की तिचा पीएफ कोड, कुठल्या महिन्याचे पैसे भरले आणि किती कामगारांचे भरले ते दिसतं. दुकानात ४० माणसं आणि भरणा १२ जणांचा, हे तिथं उघडं पडतं. कोडची पहिली अक्षरंही बघून ठेवा. ठाण्याच्या कोडची सुरुवात टीएच अक्षरांनी होते. कंपनीचं मुख्य ऑफिस मुंबईत असेल तर कोड बांद्रा किंवा कांदिवलीचा असू शकतो, आणि तक्रार त्या कार्यालयाकडे जाते. चुकीच्या ऑफिसात खेटे घालण्यात लोकांच्या रजा फुकट जातात.

पुरावा गोळा करा, मगच बोला

मालकाशी आधी बोलावं हे ठीक. कधी कधी आधारवरचं नाव जुळत नाही म्हणून पैसे अडकलेले असतात, ते दोन दिवसांत सुटतं. पण "साईट बंद आहे", "सीए गावाला गेलाय" ही उत्तरं दोनदा मिळाली की तिसऱ्यांदा विचारण्यात अर्थ नाही. आणि बोलायच्या आधी कागद हाताशी असलेले बरे, कारण एकदा वाजलं की हजेरीचं रजिस्टर दिसत नाही.

काय जमवायचं? पगाराच्या चिठ्ठ्या, नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी. हे नसेल तर निराश होऊ नका. ईएसआयसीचं कार्ड हा मोठा पुरावा आहे, कारण ते कार्ड कंपनीनेच काढलेलं असतं. व्हॉट्सॲपवर मुकादमाने पाठवलेलं ड्युटीचं वेळापत्रक, गेटपास, हजेरी कार्डाचा फोटो, सोबतच्या कामगारांची नावं, सगळं चालतं. पगार रोख मिळत असेल तर सही करताना रजिस्टरच्या पानाचा फोटो जमल्यास काढावा. चौकशीत मालकाने हमखास विचारायचा प्रश्न म्हणजे "हा माणूस आमच्याकडे होता कशावरून?" त्याचं उत्तर तुमच्या पिशवीत पाहिजे.

तक्रार कुठं आणि कशी

तलाठी, तहसीलदार किंवा सरपंचाकडे याचं काही होत नाही. पगार थकला तर कामगार आयुक्तांचं कार्यालय, पण पीएफ आणि पेन्शन हा केंद्राचा विषय आहे, त्याचं कार्यालय ईपीएफओ. ठाण्याचं क्षेत्रीय कार्यालय वागळे इस्टेटमध्ये आहे, नौपाड्यातून रिक्षाने जाता येतं.

घरबसल्या करायची तर ईपीएफओचं तक्रार पोर्टल आहे, ईपीएफआयजीएमएस नावाचं. यूएएन असेल तर पीएफ सभासद म्हणून, नसेल तर 'इतर' हा पर्याय निवडून तक्रार नोंदवता येते. कागदांचे फोटो जोडता येतात. नोंदणी क्रमांक मेसेजने येतो, तो जपून ठेवा, पुढची आठवण त्याच क्रमांकावर करायची. फोनवर माहिती हवी असेल तर १४४७० हा नंबर आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला 'निधी आपके निकट' नावाने जिल्ह्यात शिबिर भरतं, तिथं अधिकाऱ्याला समोरासमोर कागद दाखवता येतात. तारीख सुट्टीची असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी.

लेखी अर्ज द्यायचा तर क्षेत्रीय भविष्य निधी आयुक्तांच्या नावे साध्या मराठीत द्या. भारी भाषा लागत नाही. "मी अमुक आस्थापनेत अमुक पत्त्यावर अमुक तारखेपासून अमुक काम करतो. माझा पगार इतका आहे. तिथं सुमारे इतके कामगार आहेत. माझ्या पगारातून इतका पीएफ कापला जातो, पण अमुक महिन्यापासून खात्यात जमा नाही. चौकशी करून माझा पीएफ व पेन्शनचा हिस्सा वसूल करावा. पुरावे सोबत जोडले आहेत." एवढं पुरतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

नोकरी जाईल ही भीती खोटी नाही. म्हणून एकट्याने पुढं होण्यापेक्षा पाच-दहा जणांनी मिळून, किंवा युनियनमार्फत अर्ज द्यावा. नावं गुप्त ठेवण्याची विनंती अर्जातच लिहावी. नोकरी सोडल्यावरही मागच्या काळाची तक्रार करता येते. पण फार थांबू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात नव्या श्रम संहिता लागू झाल्या, आणि सामाजिक सुरक्षा संहितेत अशी चौकशी सुरू करायला ५ वर्षांची मुदत घातलेली आहे. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती. "रिटायर होताना बघू" म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पुढं काय होतं

अधिकारी येऊन रजिस्टर तपासतो. मग मालकाला नोटीस आणि सुनावणी. जुन्या कायद्यात हे कलम ७-अ म्हणून ओळखलं जायचं, नव्या संहितेत १२५. अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात, माणसं आणि कागद बोलावता येतात. किती थकलं ते ठरलं की वसुली : बँक खातं गोठवणं, मालमत्ता जप्त करणं. उशिराबद्दल १२ टक्के व्याज आणि जून २०२४ पासून महिन्याला १ टक्का दंड. दंड कामगाराच्या खात्यात येत नाही, पण त्याच्या धाकाने मालक हलतो.

मागची थकबाकी भरताना मालक म्हणतो, "तुमचा हिस्सा आता तुमच्या पगारातून कापतो." तसं करता येत नाही. ज्या महिन्याचा हिस्सा त्या महिन्याच्या पगारातून कापला नाही, तो पुढच्या पगारातून काढायला कायदा मनाई करतो. दोन्ही हिस्से त्यानेच भरायचे.

पगारातून कापून पैसे न भरणं ही तर फसवणूकच. त्याला ३ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे, शिवाय भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा होतो. पोलिसात तक्रार सहसा ईपीएफओचा अधिकारी देतो, म्हणून आधी त्यांच्याकडे जाणं बरं. हे सगळं महिनाभरात होत नाही. सुनावण्या लांबतात, मालक तारखा मागतो. तारखेला हजर राहणाऱ्या कामगारांची प्रकरणं पुढं सरकतात, बाकीची फाईल कपाटात.

मालक चुका मान्य करायला तयार असेल तर त्यालाही वाट असते. १ नोव्हेंबर २०२५ ते ३० एप्रिल २०२६ या काळासाठी सरकारने मोहीम जाहीर केली : जुलै २०१७ ते ऑक्टोबर २०२५ मधले सुटलेले कामगार मालकाने स्वतःहून नोंदवायचे, दंड फक्त १०० रुपये, आणि कामगाराचा हिस्सा कापलेला नसेल तर तो माफ.

कंपनी बुडाली तर?

कंपनी बंद पडली म्हणजे पैसे गेले, असं समजून बरेच जण सोडून देतात. कन्नड आणि गंगापूरच्या सहकारी साखर कारखान्यांनी कामगारांचा पीएफ थकवला होता आणि गोदामातली साखर राज्य सहकारी बँकेकडे तारण होती. साखरेवर पहिला हक्क बँकेचा की कामगारांच्या पीएफचा, यावर भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २००९ मध्ये निकाल लागला : आधी पीएफ, मग बँक. ऊस घालणाऱ्या गावांनी हा निकाल लक्षात ठेवावा असा आहे.

दुसरं उदाहरण जेट एअरवेजचं. मुंबईची ही विमान कंपनी एप्रिल २०१९ मध्ये बंद पडली. दिवाळखोरीत नव्या मालकांनी कामगारांचा थकलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी भरायला नाखुशी दाखवली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपील न्यायाधिकरणाने भरा असं सांगितलं आणि ३० जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. दिवाळखोरीच्या कायद्यातच पीएफचे पैसे कर्जदारांच्या वाटणीत धरत नाहीत. तेव्हा कंपनीला टाळं लागलं तर ईपीएफओकडे तक्रार द्या आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे आपला दावाही दाखल करा. दावा न करणाऱ्याला शोधत कुणी येत नाही. दुकान नुसतं दुसऱ्याला विकलं असेल तर मागच्या थकबाकीची जबाबदारी नव्या मालकावरही येते.

२० पेक्षा कमी माणसं असतील तर

नौपाड्यातली बरीच दुकानं खरोखर छोटी आहेत. तिथं पीएफची सक्ती नाही, पण मालक आणि बहुसंख्य कामगार राजी असतील तर स्वेच्छेने लागू करून घेता येतो. ते होत नसेल तर १८ ते ४० वयाच्यांना अटल पेन्शन योजना आहे, बँकेत किंवा पोस्टात उघडते, ६० व्या वर्षापासून १,००० ते ५,००० पेन्शन. आयकर भरणाऱ्यांना ती घेता येत नाही. महिना १५,००० पर्यंत कमाई असलेल्या असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना आहे, तिच्यात सरकार तुमच्याइतकीच भर घालतं आणि ६० नंतर ३,००० मिळतात. चाळिशी ओलांडली की दोन्ही दारं बंद, त्यामुळे पोरांना लवकर सांगा.

आणि ईपीएफओच्याच दारात काम अडलं तर? तुमचे पैसे भरले गेलेत, अर्ज बरोबर आहे, तरी महिनोन्‌महिने दावा पडून आहे, अशा वेळी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकून फाईल कुणाच्या टेबलावर आहे ते विचारा. पीएफचा सभासद हा ग्राहक आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच सांगितलेलं आहे, त्यामुळे जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. तक्रार नोंदवायला ईपीएफओ एक पैसाही घेत नाही. स्टेशनबाहेरच्या एजंटला हजार-दोन हजार देऊन यूएएनचा पासवर्ड आणि आधारचा ओटीपी हवाली करू नका, खात्यात शिल्लक असलेलेही त्याच्या हातात जातील.